मेल्याची मूठ

११ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. थांब जरा. हे तुझ्या लेकीबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. माझ्याबद्दल असतं तर मी कशाला शाई वाया घालवली असती?

भिंगरी बरी आहे. जेवते नीट. केस कापलेत, हेल्मेटमध्ये मावेनात म्हणून. मागून पाहिलं की कुणाचा तरी मुलगा उभा आहे असं वाटतं. पण चेहरा तुझाच, आणि हट्टही तुझाच. तेव्हा तक्रार करायची असेल तर आरशासमोर उभी राहून कर.

तू घरात गाडीचं नाव काढू देत नाहीस हे मला ठाऊक आहे. भाऊजी ज्या गाडीत गेले तिच्यासारखीच दुसरी गाडी, आणि तीत त्यांचीच मुलगी. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच केलं असतं. पण लेक कशात बसते ते आईला माहीत असायला हवं, म्हणून सांगते.

इथे गाडीला सगळे किटली म्हणतात, आणि आहेच ती किटली. मागे बॉयलर, त्यात पाणी, खाली जाळ, आणि नळ्यांतून आलेली वाफ चाकं फिरवते. फक्त ही किटली चहा करायचं सोडून विक्रम करायला निघालीय. वाफेवर जमिनीवरून आजवर कुणी गेलं नाही इतक्या वेगाने तिला जायचंय. आणि ती कधी, कशी, कुणाचं ऐकून थांबेल ते ठरवणं हे माझं काम. बाकी सगळे पळवायच्या मागे आणि मी एकटी थांबवायच्या मागे. म्हणून मला नाहीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, मेले.

भिंगरीच्या उजव्या हाताशी एक मूठ आहे. ती धरलेली असेल तरच वाफ चाकांपर्यंत जाते. हात सुटला की जाळ बंद, चाकांची वाफ बंद, आणि बॉयलरात कोंडलेली सगळी वाफ मागच्या उभ्या नळीतून वर आकाशात. त्या वेळी जो आवाज होतो त्याला आम्ही उसासा म्हणतो, कारण तो तसाच येतो. चालवणारा बेशुद्ध पडला, अगदी मेला, तरी गाडीने आपली आपण थांबावं यासाठी ही सोय. आगगाडीच्या इंजिनातही असते. इथल्या टोळक्याने तिचं नाव ठेवलंय मेल्याची मूठ. मी शिव्या घातल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

चाचणीत गाडी अधूनमधून आपली आपण थांबते. म्हणजे माझी सोय काम करते. काळजीचं काही नाही.

तुझी
धाकटी

ता. क. सहज विचारते. भाऊजींची करंगळी कुठल्या हाताची गेली होती गं? उजव्याच ना? एका ओळीत कळव. शिव्या घालायच्या असतील तर दोन ओळी चालतील.


२० नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. 'उजव्या. लग्नाआधी. पत्रा कापायच्या यंत्रात. का विचारतेस?' चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. कार्ड हातात घेऊन मी कारखान्याच्या पायरीवर बसून राहिले. बॉयलरवाले काका म्हणाले, बाई, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही, बहीण आहे.

का विचारते ते आता सांगते. मागच्या पत्रात मी 'अधूनमधून' लिहिलं ते खोटं होतं. गाडी दर वेळी थांबते. वेग एका ठरावीक आकड्यापलीकडे गेला की थांबतेच.

त्यासाठी नवी मूठ कशी चालते ते तुला कळायला हवं. जुनी का फसली ते दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सांगायला आले होते, तेव्हा तू पाठ फिरवलीस. आता कागदावर ऐक. कागदाकडे पाठ फिरवता येत नाही.

जुनी मूठ हात सुटला तरच थांबवायची. जगात सगळीकडे तशीच असायची. भाऊजींचं भान गेलं पण हात सुटला नाही, उलट आवळला. माणूस घाबरला, त्याला झटका आला, की हात उघडत नाही, मिटतो. तान्ह्या मुलाच्या हातात बोट देऊन पाहिलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. शहाण्यासुरत्या लोकांना कुणाला सुचलं नाही. गाडी समजली, धरलंय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. मैदान संपलं तरी ती चालतच राहिली.

माणूस जाऊन महिना झाला नाही तर ही बया पुन्हा कारखान्यात, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मग माझी पोर पळवली म्हणालीस. ताई, त्या महिन्यात मी आवळलेल्या हाताने थांबणारी मूठ करत होते. रडत रडत करत होते, आणि तुला सांगायला कुणी नव्हतं.

तर नवी मूठ अशी आहे. सोडली की गाडी थांबते. फार आवळली तरी थांबते. दोन्हींच्या मधे धरायची, चिमणीचं पिल्लू धरतात तशी. पिल्लू उडूनही जायला नको आणि चिरडायलाही नको. भिंगरीने महिनाभर सराव केलाय, जेवताना चमचा पण तसाच धरते आता.

आणि तरी दर वेळी माझा काटा म्हणतो, आवळली. ती म्हणते, नाही आवळली. मी मूठ उघडली, स्प्रिंग बदलली, तारा बदलल्या. शेवटी सगळीच मूठ नवी बसवली. पुन्हा तेच.

मग वाटलं, कुठेतरी वाफ गळत असेल, तिच्या उष्णतेने काटा फसत असेल. तुला माहीत नसेल, खरी तापलेली वाफ दिसत नाही. पांढरी दिसते ती निवत आलेली. खरी दिसत नाही, नुसता बारीक आवाज येतो, आणि तिच्यात हात गेला तर हात जातो. म्हणून आम्ही झाडूची काठी पुढे धरून चालतो. काठी कापली गेली की समजायचं गळती इथे आहे. मी तशी काठी धरून पूर्ण गाडीभोवती फिरले. कुठे कापली नाही. चालवणाऱ्याच्या खुर्चीपाशी मात्र काठी पुढे जाईना. पलीकडून कुणी टोक धरावं तशी अडली. मी ओढली तेव्हा सुटली. मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि चहा प्यायला गेले. दुसरं काय करणार?

आणि आता ते, जे लिहायचं नव्हतं. परवाच्या चाचणीनंतर भिंगरीचा हातमोजा मी स्वतः काढला. मोजा चांगला धड होता. आत तिच्या हाताच्या पाठीवर लाल वळ होते. तळव्यावर नाहीत, पाठीवर. तिच्या हातावर आपला हात ठेवून कुणी आवळावा तसे. तीन बोटांचे तीन. चौथ्या बोटाच्या जागी काहीच नाही.

मी तिला म्हटलं, मोजा घट्ट होतोय, बदलू. ती हो म्हणाली. दोघी एकमेकींशी खोटं बोललो.

मला वेड लागलंय असं तुला वाटत असेल तर तसं लिही. मला बरंच वाटेल.

धाकटी


२६ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, पण माझं पत्र परतही आलं नाही. यालाच मी उत्तर समजते.

इथे गोष्टी घाईवर आल्यात. पुढच्या गुरुवारी विक्रमाची धाव आहे. मोजणारे लोक येणार आहेत, आणि त्यानंतर या मिठाच्या मैदानावर पाणी चढतं म्हणून मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. मालक काल कारखान्यात आले आणि माझ्या टेबलावर बसले. खुर्ची रिकामी होती, तरी टेबलावरच.

"मॅडम, चालवणारी म्हणते मी आवळत नाही. तुमचं यंत्र म्हणतं आवळते. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"कुणीच खोटं बोलत नाहीये."

"मग सोपं आहे. ती आवळायची भानगड काढून टाका. सोडली की थांबेल, एवढं पुरे. पूर्वी तसंच होतं ना?"

"पूर्वी माणूस गेला."

"त्याला बिचाऱ्याला आजार होता. ही पोरगी तंदुरुस्त आहे."

"नाही."

"त्याशिवाय विक्रम होत नाही."

"नाही झाला तर नाही झाला."

उठून जाताना म्हणाले, लोक तुम्हाला उगाच नाहीबाई म्हणत नाहीत. म्हटलं, नाव ठेवलंय तर निभावायला नको? तोंड वाकडं करून गेले. आवळल्यावर थांबायच्या सोयीला आम्ही नुसतं आवळ म्हणतो; ती चालू-बंद करायची पेटी आहे, तिची किल्ली माझ्या गळ्यात असते. आंघोळीलाही काढत नाही. ती मी दिली नाही तर मालक काही करू शकत नाहीत, पण किल्ली दुसऱ्याच कुणीतरी मागितली.

भिंगरी हात धूत होती. नळाखाली धरून वळांवर थंड पाणी सोडत होती. मला पाहून लपवला नाही. म्हणाली, "मावशी, ते बाबा आहेत."

"गप बस."

"तुलाही माहितीये. पहिल्या दिवसापासून मला माहितीये. बाबा मला सायकल शिकवताना असाच हात ठेवायचे, करंगळी नसलेला. डोळे मिटून ओळखीन."

मी म्हटलं, असेल. असेल बाई. मग तर उद्यापासून गाडीत बसायचं नाही.

"तुला काय वाटतं, मला विक्रम हवाय? गेला खड्ड्यात विक्रम. मी याच्यासाठी बसते. तो हात येतो न येतो तोच तुझी मूठ गाडी बंद करते. वेग उतरला की हात जातो. मावशी, एकदाच ती आवळ बंद कर ना. मला तो हात अजून थोडा वेळ हवाय."

ताई, तिने मागितलं कसं माहितीये? लहानपणी झोपताना, अजून एक गोष्ट, शेवटची, असं मागायची तसं. मी नाही म्हटलं. मला नाही म्हणताना इतका त्रास कधी झाला नव्हता. ती रागावली नाही, नळ बंद केला. मग म्हणाली, तू नाही दिलीस तर दुसरं कुणी देईल, गाडी काय जगात एकच आहे?

म्हणून मी स्वतः बसून पाहायचं ठरवलं. गाडी जागेवर उभी करून चाकं खालच्या गोल फिरत्या रुळांवर फिरवायची सोय आहे. चाकं पूर्ण वेगाने फिरतात, गाडी मात्र इंचभर हलत नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर बॉयलरवाल्या काकांना म्हटलं, वाफ द्या. जागेवरच असल्यामुळे मी किल्ली लावून आवळ बंद केली. काका म्हणाले, "बाई, नका. कुणीतरी मूठ मारलीय या गाडीवर."

"काका, मारली नाहीये. धरलीय."

मी बसले. मूठ धरली. चाकं फिरायला लागली, खुर्ची थरथरायला लागली, वेगाचा काटा चढत गेला. तो आकडा आला आणि माझ्या हातावर हात आला.

तुला सांगते, मला भीती नाही वाटली. भीती वाटायला वेळच मिळाला नाही, कारण माझ्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी तिथे होतं. तो हात गार होता, ओला होता आणि थरथरत होता. वेग वाढला तसा तो घट्ट होत गेला. माझी बोटं एकमेकांत रुतली. मला वाटत होतं, ते लेकीला थांबवताहेत, बाप आहे, रक्षण करतोय. छे गं. रक्षण बिक्षण काही नाही. ते अजून त्या गाडीतच आहेत. मैदान संपत आलंय, गाडी थांबत नाहीये, आणि बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो तसे ते धरून आहेत. हात कुणाचा आहे हेसुद्धा त्यांना कळत नसेल.

मी म्हटलं, भाऊजी, सोडा. मी आहे. सोडा आता. त्यांनी जास्तच आवळलं. माझं कधी ऐकलंय त्यांनी? काकांनी वाफ तोडली तेव्हा कुठे माझा हात मोकळा झाला. मधल्या बोटाचं हाड चिरलंय, म्हणून हे अक्षर असं आलंय.

भिंगरी तो हात सोडणार नाही आणि तो हात भिंगरीला सोडणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत, जिथे आवळ नाही, तिथे काय होईल ते मी तुला समजावून सांगायला नको. मैदान संपेल आणि गाडी थांबणार नाही. एका घरात दोनदा.

ते तुझं ऐकायचे. भर पंगतीत तू नुसती मान हलवलीस की चढवलेला आवाज खाली यायचा त्यांचा. ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. जागेवर उभ्या गाडीत बस आणि त्यांना सांग सोडायला. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

धाकटी


४ डिसेंबर

ताई,

तू आलीस. टॅक्सीतून उतरलीस, शाल सावरलीस आणि म्हणालीस, "कुठे बसायचं?" चार वर्षांनी सख्ख्या बहिणीशी पहिलं वाक्य, कुठे बसायचं! एरवी मी हसले असते.

तू कार्डावर लिहिलं होतंस तशी भिंगरी तुझ्यासमोर येऊ दिली नाही. तिला डोळे तपासायला धाडलं होतं. तिला अजून माहीत नाही तू येऊन गेलीस ते.

तुला आतून दिसलं नसेल ते सांगते. मी आवळ बंद करून काचेच्या बाहेर उभी होते, एक डोळा तुझ्यावर आणि एक माझ्या काट्यावर. तो आकडा आला आणि काटा एकदम टोकाला जाऊन बसला. तुझा खांदा दचकला. मग तू बोलायला लागलीस. आवाज ऐकू येत नव्हता, पण तुझे ओठ आणि डाव्या हाताचं नाचणारं बोट पाहून कळलं, तू त्यांना झापत होतीस. चार वर्षांचं साठलेलं. काका माझ्या कानाशी म्हणाले, बाई, या कुणाशी भांडताहेत? म्हटलं, नवऱ्याशी. ते दोन पावलं मागे सरकले.

मग तू थांबलीस. डोळे मिटलेस आणि काहीतरी छोटंसं बोललीस. दोन-चार शब्द असतील. काटा हळूहळू खाली आला, मधे आला आणि तिथे राहिला. वेग तोच होता. चाकं तशीच गरगरत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो काटा त्या वेगाला स्थिर पाहिला. मी खालीच बसले.

दार उघडलं तर तू "झालं" म्हणालीस आणि चालायला लागलीस. दोन्ही हात शालीत. मी मागून हाक मारली, चहा तरी घे. तू मान हलवलीस. मला जवळ घेतलं असतंस तर बरं वाटलं असतं, एवढं लिहून ठेवते. असो.

काल धाव झाली. आवळ चालू होती, किल्ली माझ्या गळ्यात होती. सकाळचं लख्ख ऊन, मैदान पांढरंफटक, आणि किटली निघाली. तो आकडा आला. आकडा गेला. उसासा आला नाही. काटा मधेच, चिमणीच्या पिल्लासारखा. पुढचं अंतर तिने असं कापलं की आवाज मागून आला. मोजणाऱ्यांनी झेंडा हलवला. विक्रम झाला. मालकांनी मला मिठी मारली, काय सांगू! काका रडले. माणसं नाचत होती.

भिंगरी गाडीतून उतरेना. मी धावत गेले. हेल्मेट काढून बसली होती, उजवा हात मांडीवर उघडा टाकून त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, बाबा आले नाहीत."

मी तिचा पट्टा सोडायला वाकले.

"तू काय केलंस? तू काहीतरी केलंस. काय केलंस तू?"

तिने मला ढकललं. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर गं. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर हसली, फोटो काढू दिले. मला वाटलं, रडेल, निवेल, संपेल. पण संध्याकाळी दुसऱ्याच एका मालकाबरोबर चहा घेत बसली होती. त्याची गाडी याहून मोठी आहे, बॉयलर दोन आहेत. मी त्या माणसाला विचारलं, मूठ कशी आहे तुमची? तो म्हणाला, साधी. सोडली की थांबते. इतरांना जमतं ते आम्हाला पण जमतं, ताई. मला ताई म्हणाला, मेला.

भिंगरीला बाजूला घेऊन म्हटलं, वेडी आहेस का? ती म्हणाली, "ते पुढे गेले असतील. मी तिथवर पोचले नसेन. अजून वेग हवा."

मी तिला वाचवायला तुला बोलावलं. त्यांनी तिला सोडलं, पण ती त्यांना सोडायला तयार नाही. आता मी काय करू, मला सुचत नाही. माझ्या सगळ्या झडपा, किल्ल्या, काटे गाडीसाठी आहेत. पोरीला थांबवायचं काही मला बनवता येत नाही.

धाकटी


१२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. आधी अक्षर ओळखूच आलं नाही. वाटलं, कुण्या शाळकरी पोराने लिहिलंय. मग वाचलं की डाव्या हाताने लिहिलंयस.

तीनदा वाचलं. टॅक्सीत बसल्यापासून तुझा उजवा हात उघडत नाही. दुखत नाही म्हणतेस. पहिले दोन दिवस गार होता, थरथरत होता, आता ऊब आहे म्हणतेस. डॉक्टर म्हणतात शीर आखडलीय, सुई देऊन, भूल देऊन बोटं उघडून पाहू. भाजी चिरताना पंचाईत होते, वेणी घालायला शेजारची येते, बाकी काही नाही म्हणतेस. तू अशी लिहितेस की जणू पाय मुरगळलाय. आई अशीच लिहायची.

आणि मग ते. मी न विचारता तू सांगितलंस की गाडीत तू त्यांना काय म्हणालीस. 'पोरीला सोडा, मला धरा.'

मी पत्र घेऊन गाडीपाशी गेले, खुर्चीत बसले आणि रडले. कुणीही नव्हतं तिथे. अगदी कुणी नव्हतं. काठी फिरवून पाहिली, सरळ गेली.

ताई, तुला भीती नाही वाटत? मला तुझी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मग तुझी पुढची ओळ वाचली, की आता थरथर थांबलीय, झोपेतून जागी झाले की आधी हाताकडे लक्ष जातं आणि बरं वाटतं. म्हटलं, तो माणूस चार वर्षं पळत्या गाडीत होता. आता घरी आलाय. यात भिण्यासारखं काय आहे?

डॉक्टरला नको म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, राहू दे झाकलेली.

आता ऐक, आणि हे माझं शेवटचं मागणं समज. भिंगरी २१ तारखेला, सोमवारी, त्या दोन बॉयलरवाल्याकडे सही करायला जाणार आहे. मी पाया पडायची बाकी राहिलेय. ऐकत नाही. पण काल आपणहून म्हणाली, आदल्या दिवशी, रविवारी, वाटेत आईकडे तासभर उतरते, विक्रम केला म्हणून तरी दार उघडेल. तुझ्याबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ते तिला पटायचं नाही, आणि पटवायची गरजही नाही. डोळे मिटून ओळखीन म्हणाली होती.

तू रागावलेली आहेस मला माहितीये. चार वर्षं तिने तुझं ऐकलं नाही. ते सगळं तिला नंतर सुनाव, माझ्या वाटणीचंही सुनाव, दिवसभर सुनाव. पण आधी नको.

ती दार वाजवेल तेव्हा डाव्या हाताने उघड. उजवा तिला दे.

धाकटी